सीध्या हाताला

दसरा होतो न होतो तोच नांदेडच्या रस्त्यांवर सीताफळांच्या हातगाड्या लागतात, आणि माझं डोकं उठतं. या दिवसांत लोकांना ऊन बरं वाटतं, हवा बरी वाटते, सोयाबीन निघालेल्या शेतांचा वाससुद्धा बरा वाटतो. मला काहीच बरं वाटत नाही. सून टोपलीभर सीताफळं आणून जेवणाच्या टेबलावर मांडते आणि मी पेपर तोंडापुढे धरतो. "बाबा, एक तरी खा की. साखर आहे नुसती." मी म्हणतो, चमचाभर खायचं आणि वाटीभर थुंकायचं, असलं फळ कशाला केलं असेल देवाने. घरातले हसतात. दरवर्षी मी हेच बोलतो आणि दरवर्षी ते इथेच हसतात. खरं कारण मी बेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा ते सांगायची वेळ माझ्या नातीने आणली. मुक्ता तिचं नाव. नोकरीला लागल्यापासून तिला डोंगर चढायचा नाद लागला आहे. दर रविवारी पंधरा-वीस जणांचा गट करून कुठेतरी चढतात, घामाघूम होऊन उतरतात आणि संध्याकाळी त्याचे फोटो पाहत बसतात. सीताफळाची टोपली समोर असतानाच ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पूर्वी ज्या गावात शाळेवर होतात ना, तिथल्या खोगीरच्या डोंगरावर चाललोय आम्ही." आणि तिने फोन माझ्यापुढे केला. हिरव्या नकाशावर एक निळी रेघ, फुगलेल्या भाकरीसारखी गोल. त्या रेघेवर एका ठिकाणी लाल झेंडा. झेंड्याला हात लावला की अक्षरं उमटत होती: 'रशीद चकवा. एका अडाणी फळवाल्याने चुकीची वाट सांगितल्यामुळे इथे शाळेची सहल भरकटली होती. मजेशीर जागा, फोटो जरूर काढा.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अडाणी. मजेशीर. जरूर.

"मी येतो," मी म्हणालो. "तुमचा गुडघा?" ती म्हणाली. गुडघा, गुडघा! या घरात कुणालाही माझ्या गुडघ्यापलीकडचं काही दिसत नाही.

मी निलंग्याकडचा. आमच्याकडे डोंगर म्हणजे शेताच्या बांधावरून दिसणारा एखादा बोडका माळ. त्यावर चार शेळ्या आणि एक बाभूळ. नोकरीने मला उचलून थेट हिमायतनगर तालुक्यातल्या जंगलाच्या कडेला नेऊन टाकलं. खोगीरचा डोंगर तिथलाच. दुरून घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखा दिसतो, दोन्हीकडे उंच आणि मध्ये खोलगट. गावातून निघायचं, पुढच्या अंगाने चढायचं, खोगिराच्या खोलगटातून पलीकडे जायचं, मागच्या नाल्याने उतरून परत गावात यायचं. गावकरी याला 'फेरा' म्हणतात. सगळं मिळून तीन किलोमीटरही नाही. पण चढ असा की पुढच्या माणसाची टाच आपल्या नाकापाशी येते.

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत त्या चढावर एक वास असायचा. सागाची मोठमोठी पानं किडींनी खाऊन जाळीदार झालेली, खाली वाळू लागलेलं गवत, आणि त्यातून मधूनच येणारा पिकल्या सीताफळाचा जड, गोड वास. तो आला की समजायचं, रशीदभाई जवळपास आहेत.

रशीदभाई हिमायतनगरचे. घरात पिढीजात फळांचा धंदा. डोंगरावरची सीताफळं तोडायचा हक्क दरवर्षी गावाकडून तेच घ्यायचे आणि दीड महिना शाळेमागच्या पडवीत मुक्काम टाकायचे. सकाळी माणसं वर जायची, दुपारी टोपल्या खाली यायच्या. टोपलीच्या तळाला पळसाची पानं, मग फळांचा थर, पुन्हा पानं. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. फळ कधी तोडावं ते त्यांनीच मला शिकवलं. "इसकी आँख देखो मास्तर. डोळे मिटलेले असले तर सोने दो. उघडले की तोडा."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक फळ पुढे केलं. माझ्या उजव्या हातात वह्या होत्या, म्हणून मी डावा पुढे केला. त्यांनी फळ मागे घेतलं.

"उल्टे हाथ से नक्को मास्तर. सीधा हात."

"म्हणजे डावा हात वाकडा आहे का माझा?"

"वाकडा न्हाई. उल्टा."

तीन वर्षं हा विनोद आमच्यात चालला. मी मुद्दाम डावा हात पुढे करायचो, ते "उल्टा, उल्टा" म्हणून टोपलीवर हात आपटायचे. सीधा हात म्हणजे उजवा हात. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ही गोष्ट मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे सगळं त्यावरच अडलेलं आहे.

मुक्ताच्या गटाबरोबर मी चढलो. काय सांगू! पायथ्याशी गोल करून आधी उड्या मारल्या. एकाच्या पाठीवरच्या पिशवीला लटकवलेल्या डब्यातून गाणी वाजत होती. त्या गाण्यांनी अर्ध्या डोंगरातले पक्षी पळवून लावले. कुणालाही धावड्याचं झाड कोणतं आणि मोईनचं कोणतं हे सांगता येत नव्हतं, पण आपली पावलं किती झाली हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं. दर दहा मिनिटांनी कुणीतरी माझ्याकडे वळून "काका, भारी!" म्हणायचं. मी काय भारी केलं होतं? श्वास घेत होतो. माझ्या मोज्यांत कुसळं शिरली होती, पायजम्यावर लांडग्यांची काटेरी बोंडं चिकटली होती, आणि सून देते ती स्प्रिंगची काठी दगडावर टेकली की आपणच उडी मारत होती. वाटेत एका खडकावर पांढऱ्या रंगाने दोघांची नावं आणि मध्ये बदाम काढलेला. त्या दोघांचं पुढे लग्न झालं असेल तर त्यांना इथे आणून तो रंग घासायला लावावा, असं मनात आलं.

आणि तरीही, दुसऱ्या चढावर वळलो तेव्हा तो वास आला. जड, गोड. बेचाळीस वर्षांत माणसं बदलली, वाट रुंद झाली, पायऱ्या कोरल्या गेल्या. वासाला काही फरक पडलेला नव्हता. मी थांबलो. मुक्ताला वाटलं दम लागला. पाण्याची बाटली पुढे केली.

दुसरा चढ संपतो तिथे एक जुनी सालई आहे. कागदासारखी साल सुटलेली, कललेली. तिथे वाट फुटते. एक उजवीकडे, सावलीतून, खोगिराच्या खोलगटात जाते. दुसरी समोर, सरळ, उघड्या मुरमावरून वर चढते. समोरची जवळची वाटते. वरून दिसेल ते सुंदर असेल असंही वाटतं.

गटाचा म्होरक्या सालईखालच्या दगडावर चढला आणि त्याने गोष्ट सुरू केली. "तर मित्रांनो, हाच तो रशीद चकवा. एक फळवाला होता, दिवसभर नशेत. त्याने शाळेच्या मास्तरला चुकीची वाट सांगितली. दोन पोरं गेली म्हणतात. अजून अमावास्येला इथे आवाज येतात." सगळे हसले. एक मुलगी समोरच्या वाटेकडे बोट दाखवून, डोळे वटारून फोटोला उभी राहिली.

"कुणी गेलं नाही," मी म्हणालो. "एका मुलीचा हात मोडला. आणि रशीदभाई विडीसुद्धा ओढत नव्हते."

"काका, तुम्हाला माहितीये ही गोष्ट?"

"तो मास्तर मीच."

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बोलता येईल. तेवढ्यात म्होरक्या म्हणाला, "वॉव! थांबा थांबा, व्हिडिओ करू." आणि चार फोन माझ्या तोंडासमोर आले. मी एवढंच म्हणालो, "वाट त्यांनी बरोबर सांगितली होती. चूक माझी आहे. ते नाव काढा."

"काका, इतकं मनाला लावून घेऊ नका हो," म्होरक्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "नाव लई फेमस झालंय. लोक या नावासाठीच येतात."

आता ती सकाळ.

सातवीचा वर्ग, चाळीस मुलं, डबे कपड्यात बांधलेले. निघताना रशीदभाई पडवीतून बाहेर आले. मुलं गलका करत होती. हजेरीची वही घेऊन कमल नावाची मुलगी माझ्या शेजारी उभी होती. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. रशीदभाई म्हणाले, "सालई के झाड से सीधे हाथ कू जाना, मास्तर. आरामसे."

सालईपाशी पोचलो आणि मी समोरच्या वाटेला लागलो. का, ते विचारू नका. बोलण्याच्या नादात, पाय नेतील तिकडे. वीस-तीस पावलं चढल्यावर मागून कमलचा आवाज आला. "सर, चाचा तर सीध्या हाताला म्हणाले ना?"

त्या वेळी मला आठवलं नव्हतं, असं मी बेचाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. लख्ख आठवलं होतं. पण परत फिरायचं म्हणजे चाळीस पोरांसमोर सातवीतल्या मुलीने मास्तरला वाट दाखवली, असं झालं असतं. मी एकतीस वर्षांचा होतो. शर्टाला इस्त्री होती. मी म्हणालो, "गप. पुढे बघून चाल."

वरच्या टप्प्यावर मुरूम सरकला. आधी दगड गेले, मग पोरं बसून घसरली, कुणाची ढोपरं फुटली, कुणाचे डबे नाल्यात गेले. कमल मागे होती म्हणून सगळ्यात खाली जाऊन आपटली. तिचा हात मोडला. तोही सीधाच.

आरडाओरडा ऐकून रशीदभाई खालच्या उतारावरून धावत आले. त्यांनी भरलेली टोपली तिथेच उलटी केली, पायाने मोडली, तिच्या बांबूच्या कामट्या कमलच्या हाताला दोन्हीकडून लावल्या आणि गळ्यातल्या रुमालाने बांधल्या. मग तिला पाठुंगळी घेऊन ते सगळा उतार उतरले. मी त्यांच्या मागून चालत होतो. उतारावर सीताफळं फुटून पसरली होती, आणि त्यांचा तो वास.

दिवस मावळायच्या आत शाळेत गाव जमलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "वाट कुणी सांगितली होती?"

"रशीदभाईंनी."

"काय सांगितलं?"

"सीधं जा म्हणाले."

एवढंच. 'हाताला' हा शब्द मी गिळला. तीन अक्षरं. खोटं बोललो असंही म्हणता येणार नाही इतकं छोटं, आणि त्या एका शब्दावाचून सगळं वाक्य माझ्या वाटेने वळलं. रशीदभाई दारात उभे होते. त्यांच्या सदऱ्याला मुरूम लागलेला होता. ते माझ्याकडे बघत राहिले.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, मुद्दामच सांगितलं असेल. तो असं का म्हणाला, हे या भागातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी गावाने सीताफळं दुसऱ्याला दिली. शाळेमागची पडवी रिकामी राहिली. दोन वर्षांनी माझी लातूरकडे बदली झाली. पुढे मी मुख्याध्यापक झालो, निवृत्त झालो, निरोपाच्या भाषणात पोरांना खरं बोलायला सांगितलं. टाळ्याही मिळाल्या. सगळं व्यवस्थित पार पडलं, याचाच मला सगळ्यात जास्त वैताग येतो.

डोंगरावरून उतरल्यावर मी मुक्ताला म्हणालो, मला हिमायतनगरला ने. सगळं गाडीत सांगितलं. ती गाडी चालवत होती म्हणून बरं, माझ्याकडे बघावं लागलं नाही तिला.

रशीदभाई खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेले, हलके झालेले. मी दारातून काहीतरी पुटपुटलो.

"मास्तर," ते म्हणाले. "आवाज तोच. फुटक्या घंटीसारखा. बैठो."

मी बसलो. तब्येतीचं झालं, पावसाचं झालं. डॉक्टरने त्यांना गोड बंद केलं होतं. "सारी उमर सीताफळ विकलं, अब नुसतं सूँघायचं," ते हसले. शेवटी मी म्हणालो, "रशीदभाई, त्या दिवशी मी..."

"'हाताला' खाऊन टाकलं तुम्ही."

मी काठी भिंतीला टेकवली.

"मला वाटलं, दम लागलाय तुम्हाला," ते म्हणाले. "बाकीचं आता बोलाल, मग बोलाल. मैं दारात थांबलो होतो. तुमचं बोलणं संपलंच न्हाई अजून, असं समजून."

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर कोण ऐकणार? परगावचा माणूस मी. एक कमलनं ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी तिला बघायला दवाखान्यात गेलो, तेव्हा रडली बिचारी. म्हणाली, चाचा, मी सांगू का सगळ्यांना? मी म्हणालो, नक्को. पोरगी तुमच्याच वर्गात होती ना, मास्तर. तिला पुढचं वर्ष काढायचं होतं."

आणि मी समजत होतो, ही गोष्ट जगात फक्त मलाच ठाऊक आहे.

चहा घेऊन त्यांची नात आली, कॉलेजात शिकणारी. मुक्ताने तिला फोनवरचा तो नकाशा दाखवला, म्हणाली, हे नाव आम्ही बदलून घेतो. मुलीने फोनकडे पाहिलंही नाही. कप ठेवता ठेवता म्हणाली, "माहितीये. वर्गात मला चकवाच म्हणतात."

रशीदभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांना हे माहीत नव्हतं. मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले, जरा जोरानेच.

"मला काय सांगता? मला तर मालूम आहे. ज्यांना मालूम न्हाई त्यांना सांगा."

मुक्ताने नाव बदलायची विनंती पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं: पुरेसा पुरावा नाही. तिने माझं लेखी निवेदन जोडून पुन्हा पाठवली. उत्तर आलं: या जागेचं नाव बहुसंख्य वापरकर्त्यांना मान्य आहे. बहुसंख्य! ज्याने खोटं जन्माला घातलं तो स्वतः सांगतो आहे की ते खोटं आहे, तर त्याला म्हणतात पुरावा आणा. गावात गेलो. त्या दिवशी शाळेत जमलेल्यांपैकी तिघे हयात आहेत. पारावर बसून त्यांना सगळं सांगितलं. एकाला ऐकू येत नाही, एक म्हणाला, "आता काय त्याचं, सर?" तिसरा मात्र उठून गेला. तोच त्या दिवशी 'मुद्दाम' म्हणाला होता. कमलला फोन केला. ती आता आजी झाली आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुमची वाट बघून राहिले होते मी." बस्स, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

म्हणून आता सीताफळाचे दिवस आहेत तोवर दर रविवारी मी पहाटेच्या एसटीने नांदेडहून निघतो. दोन चढांना मला दीड तास लागतो. मोज्यांत कुसळं शिरतात, काठी उड्या मारते, गुडघा शिव्या घालतो. मी सालईखालच्या दगडावर बसतो आणि येणाऱ्या प्रत्येक गटाला थांबवून सांगतो. काही जण ऐकतात. काही म्हणतात, आजोबा, जरा बाजूला, फोटोत येताय. एकाने मला वनखात्याचा माणूस समजून तिकीट विचारलं. मुक्ता सांगते, नकाशावर कुणीतरी नवीन टीप टाकली आहे: 'इथे एक चिडका म्हातारा भेटतो.' भेटू दे. दोन रविवारांपूर्वी रशीदभाईंची नात आली होती, तिच्या वर्गातल्या सात-आठ जणांना घेऊन. लांब उभी राहून त्यांना म्हणाली, "ऐका." मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, इस्त्रीच्या शर्टासकट.

गेल्या रविवारी दुपारी एकटीच एक मुलगी धापा टाकत वर आली. गट मागे राहिला होता. समोरच्या मुरमाकडे बघून तिने विचारलं, "आजोबा, इथून सीधंच जायचं ना?"

मी काठी खाली ठेवली, उठून उभा राहिलो आणि उजवा हात लांब केला.

"सीध्या हाताला," मी म्हणालो. "हाताला, बाळा. रशीदभाईंनी तसंच सांगितलं होतं."